दुसऱ्यांदा ऐकताना

कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांची तबकडी आम्ही प्रथम ऐकली, ती अर्ध्यावरच थांबविली. भजन म्हणजे टाळमृदंग आणि सर्वांनी मिळून धरावयाचे ध्रुपद, ही आमची समजूत. येथे सूर उसळे, तुटे आणि मध्येच स्तब्ध होई.

पुढे त्या तुटण्याचे कारण कळले. बेळगावजवळील सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या या गायकाला ऐन तारुण्यात क्षयाने गाठले. १९४८ साली ते देवासला गेले. स्ट्रेप्टोमायसीनने प्राण वाचले. एक फुफ्फुस मात्र निकामी झाले. उरलेल्या दमात बसतील अशी आखूड, टोकदार स्वरवाक्ये त्यांनी घडविली. आजारात कानी पडलेली माळव्याची लोकगीते आणि नाथपंथी जोग्यांची भजने त्यांत मुरली.

आपला कान पुढचा सूर आधीच ताडतो. अंदाज चुकला की तो रागावतो. पुनःपुन्हा ऐकले की नवी वाट त्याच्या ओळखीची होते. परिचयाने आवड वाढते, असे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली प्रयोगांनी दाखविले. अर्थात परिचयाने सारेच गोड होत नाही. ज्यात सत्त्व आहे तेच टिकते.

सभेत अडखळत बोलणाऱ्या कामगाराला आम्हीही मध्येच तोडले आहे. त्याची वाक्ये तुटत, कारण दम तेवढाच होता. अलिबागेचा कुलाबा किल्ला भरतीत दूर वाटतो, ओहोटीत पायी गाठता येतो. तेवढे थांबावे मात्र लागते.