विश्लेषण : उजनीचे पाणी हिरवे का होते?

उन्हाळा जवळ आला, की उजनीच्या जलाशयात पाण्यावर हिरवा तवंग दिसू लागतो, काठाला जलपर्णी साचते आणि दुर्गंधीच्या तक्रारी सुरू होतात. शहरांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया केली, की हा प्रश्न सुटेल असे सर्रास मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. प्रक्रियेनंतर नितळ दिसणाऱ्या पाण्यातूनही स्फुरद, म्हणजेच फॉस्फरस, धरणात येऊ शकते. आणि एकदा आलेले स्फुरद सहजासहजी बाहेर जात नाही.

पोषकद्रव्ये येतात कुठून?

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यात निम्म्याहून अधिक वाटा मृतसाठ्याचा आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातून वाहणाऱ्या मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणी या नद्यांचे पाणी अखेर भीमेतून इथेच पोहोचते. त्यासोबत मलमूत्र आणि साबण-डिटर्जंटमधील नत्र व स्फुरदही येते. जलाशयाभोवती दौंड, इंदापूर, करमाळ्याचा ऊसपट्टा आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते, तर डीएपी हे स्फुरदाचे प्रमुख खत. पिकाने न उचललेले नत्र पाण्यात विरघळून आणि स्फुरद मातीच्या कणांना चिकटून वाहत येते.

थोड्याशा स्फुरदाने काय बिघडते?

शैवालाच्या वाढीला स्फुरद फार थोडे लागते, पण त्यावाचून वाढ होत नाही. एक ग्रॅम स्फुरदावर शंभराहून अधिक ग्रॅम (कोरड्या वजनाचे) शैवाल वाढू शकते. ते मरून पूर्ण कुजताना सुमारे १४० ग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो. एक लिटर पाण्यात साधारण आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे एका ग्रॅममागे दहा हजार लिटरचे जवळपास पावणेदोन टँकर पाणी प्राणवायूविना होऊ शकते. मासे तडफडतात ते यामुळे.

नत्राचे काय? नील-हरित शैवालाच्या काही जाती हवेतील नत्र स्वतःच वापरतात. कॅनडात ओंटारियोमधील ‘तलाव क्रमांक २२६’ १९७३ मध्ये पडदा लावून दोन भागांत विभागण्यात आला. एका भागात फक्त कार्बन व नत्र टाकले, दुसऱ्यात त्यासोबत स्फुरदही. स्फुरद टाकलेला भाग हिरवागार झाला.

प्रक्रिया केलेले पाणीही पुरेसे स्वच्छ का नाही?

सांडपाणी प्रकल्पाची कामगिरी प्रामुख्याने ‘बीओडी’वर मोजली जाते. सेंद्रिय घाण कुजण्यासाठी जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, याचे ते माप. साध्या जैविक प्रक्रियेत ही घाण खाल्ली जाते. स्फुरदाचा मात्र थोडाच भाग गाळात उतरतो, उरलेला पाण्यासोबत पुढे जातो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१७ च्या मानकांत नत्र व स्फुरदाची मर्यादाच नव्हती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ती घालण्याचा आदेश दिला. एका लिटरमागे एकूण नत्र १० आणि स्फुरद १ मिलिग्रॅम.

आलेले स्फुरद जाते कुठे?

नत्राचा काही भाग जिवाणूंमुळे वायुरूपात हवेत परततो. स्फुरदाला ही वाट नाही. ते पाण्यासोबत पुढे जाते किंवा गाळात लोहाशी बांधले जाऊन बसते. उन्हाळ्यात तळाचा ऑक्सिजन संपला, की ही बांधणी सुटते आणि जुने स्फुरद पुन्हा पाण्यात मिसळते. म्हणून बाहेरून येणारी घाण आज थांबली, तरी पाणी उद्या निवळेल असे नाही. त्यात पाणी कमी झाले, की उथळ जलाशय अधिक तापतो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता.

जलपर्णी स्फुरद शोषते, पण ती काढून दूर नेली तरच. तणनाशकाने मारली किंवा काठावर कुजू दिली, तर सारे पुन्हा पाण्यातच जाते.

लोकांवर परिणाम काय?

सोलापूर शहराची पाण्याची मोठी भिस्त उजनीवर आहे आणि धरणातून सोडलेले पाणी पंढरपूरवरून पुढे जाते. शैवाल वाढले, की गाळण्या तुंबतात, पाण्याला वास येतो. काही नील-हरित शैवालांची विषे पाणी उकळूनही नष्ट होत नाहीत. भिगवण परिसरातील मच्छीमारांचे पोट याच पाण्यावर चालते.

उपाय काय?

तुरटी किंवा लोहाचे क्षार वापरून प्रकल्पातच स्फुरद वेगळे करता येते. त्यासाठी खर्च वाढतो आणि जास्तीच्या गाळाची विल्हेवाट लावावी लागते. प्रक्रिया केलेले पाणी शेतीला दिले, तर तेच स्फुरद पिकाच्या कामी येते, मात्र तेवढे खत कमी करायला हवे. माती परीक्षणानुसार खताची मात्रा आणि ती ठिबकमधून विभागून देणे हा शेतातला उपाय. किती टक्के सांडपाण्यावर प्रक्रिया होते, हा आकडा पालिका जाहीर करतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्फुरद किती, हेही त्याच तक्त्यात असायला हवे.