फोनने गुडघा मोजता येतो, पण कुठपर्यंत?

कोल्हापुरात एखाद्या पोराचा गुडघा आखाड्यात मुरगळला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. आधी बर्फ, मग मालिश, मग कुणीतरी सांगितलेल्या हाडवैद्याकडे चक्कर. पंधरा दिवसांत सूज उतरते, पोरगं दोन बैठका मारून बघतं आणि म्हणतं, "वस्ताद, वाकतोय की! झालं बरं." आता यात फोनची भर पडली आहे. गुडघा किती अंशात वाकतो हे फोनवर मोजता येतं, आणि ते बरंच अचूकही येतं. पण "वाकतोय" आणि "बरा झालाय" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फोनला त्यातली एकच कळते.

हा फरक किती महाग पडू शकतो, हे कोल्हापूरला वेगळं सांगायला नको. खाशाबा जाधव मूळचे कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले इथल्या राजाराम कॉलेजात. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कुस्तीचं कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं ऑलिंपिक १९५६ ला मेलबर्नला होतं, आणि त्याआधीच गुडघ्याच्या दुखापतीने त्यांना रोखलं. त्या काळी गुडघ्याच्या आत बघायचं म्हटलं तर एक्स-रे आणि डॉक्टरचा हात, एवढंच हाताशी होतं. एक्स-रेमध्ये हाड दिसतं. हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि मधली गादी त्यात दिसत नाही, आणि कुस्तीत फाटतं ते बहुतेक वेळा तेच.

आता आधी फोनकडे येऊ.

फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, ती ज्या सेन्सरमुळे, त्याचं नाव ॲक्सेलरोमीटर. चिपमध्ये सिलिकॉनचं एक अतिसूक्ष्म वजन सिलिकॉनच्याच बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं, ते किंचित सरकतं, आणि शेजारच्या पट्ट्यांमधला विद्युतभार साठवण्याचा आकडा बदलतो. असं तीन दिशांना मोजलं की "खाली" कुठे आहे हे फोनला कळतं. म्हणजे फोन किती तिरका आहे हेही कळतं. गवंड्याच्या लेव्हलच्या नळीतला बुडबुडा जे काम करतो तेच हे, फक्त आकड्यांत.

करून बघायचं तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे मोफत ॲप चांगलं आहे. त्यात कलाचा कोन थेट दिसतो. फोनमधलं साधं लेव्हलचं ॲपही चालतं. सपाट जमिनीवर उताणे झोपा. टाच जमिनीवरून घासत ढुंगणाकडे आणा, जमेल तेवढी. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, खुब्याच्या उंचवट्यापासून गुडघ्यापर्यंत जी सरळ रेषा जाते, तिच्यावर फोनची लांब कड धरा आणि जमिनीशी होणारा कोन वाचा. मग तसंच गुडघ्यापासून घोट्याच्या हाडापर्यंत. दोन्ही कोनांची बेरीज म्हणजे तुमचा गुडघा किती वाकला ते. मांडी ६५ अंश आणि पोटरी ७० अंश आली, तर गुडघा १३५ अंश वाकला. पाय पूर्ण सरळ असेल तर दोन्ही कोन शून्य, बेरीजही शून्य.

निरोगी गुडघा साधारण १३५ ते १४० अंश वाकतो. आपल्याकडे उकिडवं बसायची सवय असलेल्यांचा त्याहून जास्तही वाकतो.

दोन-तीन गोष्टी सांभाळा. मी पहिल्यांदा फोन मांडीवर वरून ठेवला होता. मांडी गुडघ्याकडे निमुळती होत जाते आणि फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, त्यामुळे आकडा भलताच आला. कड वापरा, पाठ नको. फोन हलवत असताना वाचू नका, कारण हलवण्याचा धक्का आणि गुरुत्वाकर्षण यांतला फरक या सेन्सरला करता येत नाही. चालतानाचे कोन मोजायला दुसरा सेन्सर लागतो, जायरोस्कोप. तो फिरण्याचा वेग मोजतो, पण त्याची चूक सेकंदागणिक साठत जाते. म्हणून दोन्ही सेन्सरची सांगड घालावी लागते. आणि काल १२८ होता, आज १३१ झाला म्हणून लगेच खूश होऊ नका. फिजिओथेरपिस्ट हातातल्या कोनमापकाने मोजतात तेव्हासुद्धा चार-पाच अंशांचा फरक मोजणाऱ्याच्या हाताचा धरतात. एकट्या गुडघ्याच्या आकड्यापेक्षा दोन गुडघ्यांमधला फरक कामाचा. दुखरा आणि चांगला, दोन्ही मोजा, तारीख घालून लिहून ठेवा.

हा झाला कोन. आता जोर. गुडघ्यावर नेमका किती भार येतो, हे फोन कुठेही धरला तरी मोजता येणार नाही, कारण तो भार सांध्याच्या आत असतो. तो मोजला बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या संशोधकांनी, आणि पद्धत ऐकण्यासारखी आहे. गुडघा बदलायची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना त्यांनी असा कृत्रिम सांधा बसवला, ज्याच्या आत ताण मोजणारे सेन्सर आणि छोटा रेडिओ होता. बॅटरी नाही. पायाभोवती तारेची कॉइल गुंडाळायची, तिच्यातून आतल्या सर्किटला वीज मिळायची आणि आकडे बाहेर यायचे. वायरलेस चार्जिंगचंच तत्त्व. २०१० मध्ये पाच रुग्णांचे आकडे प्रसिद्ध झाले. चालताना गुडघ्यावर सरासरी शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट भार, जिना चढताना ३.२ पट, आणि उतरताना जवळजवळ ३.५ पट.

म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या एका गुडघ्यावर जोतिबाच्या पायऱ्या उतरताना जवळपास २४० किलोचा भार. चढताना दम लागतो म्हणून आपण चढणीला घाबरतो, गुडघे मात्र उतरताना तक्रार करतात. आपण ७० किलोचे, मग २४० आले कुठून? घराचं दार कडीपाशी एका बोटाने ढकला, मग बिजागरीपाशी ढकलून बघा. तेच दार, पण जोर कितीतरी जास्त लागतो. मांडीचा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून जाऊन पोटरीच्या हाडाला ओढतो, तो सांध्याच्या मध्यापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर. म्हणजे अगदी बिजागरीपाशी. वाकलेल्या पायावर शरीर तोलायचं तर त्याला प्रचंड ओढावं लागतं, आणि ही ओढ दोन हाडांना एकमेकांवर दाबते. हे पाच जण कृत्रिम गुडघ्याचे रुग्ण होते आणि साध्या हालचाली करत होते. पट काढून समोरच्याला उचलणाऱ्या पैलवानाचं गणित तुम्हीच करा.

आता तिसरी गोष्ट, आणि आखाड्यातल्या पोरांसाठी हीच मुख्य. गुडघ्याच्या मधोमध एसीएल नावाचा अस्थिबंध असतो. पोटरीचं हाड पुढे सरकू नये आणि गुडघा फिरताना निसटू नये, हे त्याचं काम. तो तुटतो तेव्हा बऱ्याचदा आतून "कट्" असा आवाज जाणवतो आणि काही तासांतच गुडघा टम्म फुगतो. काही आठवड्यांनी सूज उतरते, गुडघा पुन्हा वाकायला लागतो, फोनवर १३५ येतात. बैठकाही जमतात, कारण बैठकीत गुडघा एकाच रेषेत वाकतो, त्यात पिळवटणं नसतं. मग पोरगं आखाड्यात उतरतं, लपेट मारायला वळतं आणि गुडघा सटकतो. प्रत्येक वेळी सटकताना आतली गादी चिरडण्याची शक्यता वाढते. पहिल्या महिन्यात जी एक दुखापत होती, तिच्या सहा महिन्यांनी दोन-तीन झालेल्या असतात.

एसीएल तपासायला अंश नाही, मिलिमीटर मोजावे लागतात. डॉक्टर गुडघा २० ते ३० अंश वाकवून एका हाताने मांडी धरतात आणि दुसऱ्या हाताने पोटरी पुढे ओढतात. ती किती सरकते आणि शेवटी टक्कन थांबते की नुसतीच ढिली जाते, हे हाताला कळतं. याचंच यंत्रही आहे, ठरावीक जोराने ओढून सरकणं मोजणारं. दोन गुडघ्यांत ३ मिलिमीटर किंवा जास्त फरक आला की संशय पक्का होतो. तीन मिलिमीटर म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन नाणीसुद्धा नाहीत. (हा प्रयोग मित्रांनी मित्रांवर करू नये. कुणाचा तरी नक्की वाढवून ठेवाल.)

एमआरआय त्यापुढचा. माणसाची पहिली एमआरआय प्रतिमा १९७७ ची, म्हणजे खाशाबांच्या दुखापतीनंतर वीसेक वर्षांनी. आज मात्र त्यात एसीएल आणि गादी, दोन्ही दिसतात.

त्यामुळे फोनचा आकडा कितीही छान असला तरी दुखापत होताना आवाज आला असेल, त्याच दिवशी गुडघा फुगला असेल, वळताना दगा देत असेल किंवा मध्येच अडकून सरळ होत नसेल, तर मालिश थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. शस्त्रक्रिया होवो न होवो, नंतर फिजिओथेरपी सुरू झाली की तुमची ती कोनांची वही खरी उपयोगी पडते. आठवड्याला गुडघा किती उघडतोय हे त्यांना आयतं दिसतं. एमआरआयला जाताना वही खुशाल न्या. फोन मात्र खोलीबाहेरच ठेवावा लागतो, आत भलंमोठं चुंबक असतं.