दहा सेकंदांना एक नाव

आधी एक विमान भरू या. लँकॅस्टर! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडनं वापरलेलं चार इंजिनांचं धूड. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 102 फूट. आत माणसं फक्त सात. आणि टाक्यांमध्ये पेट्रोल? 2,154 गॅलन, म्हणजे जवळजवळ 9,800 लिटर. शंभर रुपये लिटर भाव धरा. पंपावर याहून जास्तच मोजावे लागतात, पण हिशेब सोपा राहू दे. एकदा टाक्या फुल्ल करायच्या तर नऊ लाख ऐंशी हजार रुपये!

हे एका विमानाचं झालं. 30 मार्च 1944 च्या रात्री न्युरेम्बर्ग शहरावर हल्ला करायला 795 विमानं उडाली, त्यांतली 572 लँकॅस्टर होती. तेवढ्याच टाक्या काठोकाठ भरा. छप्पन लाख लिटर. छप्पन कोटी रुपये. रुपयांनी अंदाज येत नसेल तर विहिरीकडे चला. तीस फूट रुंद, चाळीस फूट खोल अशी गावची चांगली विहीर घ्या, तिच्यात आठ लाख लिटर मावतं. म्हणजे सात विहिरी भरून पेट्रोल, एका रात्रीसाठी! आणि 214 हॅलिफॅक्स विमानं अजून मोजलेलीच नाहीत.

ही सगळी विमानं अंधारात एकामागोमाग जात. त्या रात्रीची रांग सुमारे 110 किलोमीटर लांब होती. रांगेचं शेपूट मुंबईच्या सीएसएमटीवर ठेवलं, तर डोकं रुळांच्या वाटेनं कर्जत ओलांडून बोरघाट चढू लागलेलं असेल. एवढी लांब गाडी, आणि एकाही डब्यात दिवा नाही.

त्याआधी दोन वर्षं, मे 1942 मध्ये, कोलोनवर 1,047 विमानं एकाच रात्री पाठवली होती. बेत होता दीड तासात काम उरकण्याचा. भागाकार करून बघा: दर पाच सेकंदांना एक विमान! मुंबईच्या विमानतळावर चोवीस तासांत मिळून नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात, आणि तेवढ्यानं आपण तिथल्या गर्दीच्या नावानं बोटं मोडतो. कोलोनच्या आकाशात त्याहून मोठी गर्दी दीड तासात कोंबली होती, तीही दिवे मालवून.

पूर्ण युद्धाचा आकडा घ्या. बॉम्बर कमांडची उड्डाणं 3,64,514. टाकलेले बॉम्ब सुमारे दहा लाख टन. दहा टनी ट्रकमध्ये भरायचे तर एक लाख ट्रक लागतील. एकाला एक चिकटून उभे केले तर मुंबई-पुणे रस्ता पाच वेळा भरेल आणि तरी ट्रक उरतील.

इथवर आकडे लोखंडाचे आणि पेट्रोलचे होते, त्यामुळे तोंडाचा आ करायला मजा आली. आता तीच फूटपट्टी माणसांना लावू.

एका तुकडीला, म्हणजे एका विमानातल्या सात जणांना, 30 मोहिमा पूर्ण कराव्या लागत, मग विश्रांती. एका मोहिमेत शंभरातली चार विमानं परत येत नाहीत असं धरा. चार म्हणजे काय, शहाण्णव तर आली! पण शाळेतलं चक्रवाढ व्याज आठवा आणि ते उलटं फिरवा. शंभर तुकड्यांनी सुरुवात केली, तर तिसाव्या मोहिमेनंतर उरतात 29. तोटा पाच टक्के धरला तर 21. आणि न्युरेम्बर्गला त्या एका रात्री 795 पैकी 95 विमानं गेली, म्हणजे बारा टक्के. रोजच तसं घडलं असतं तर तीस मोहिमांनंतर शंभरातल्या दोन तुकड्या उरल्या असत्या. दोन! त्या रात्री सुमारे 545 वैमानिक आणि त्यांचे सोबती मेले. 1940 च्या उन्हाळ्यात ब्रिटन वाचवणाऱ्या लढाऊ विमानांच्या वैमानिकांचं केवढं कौतुक होतं. त्यांचे जवळपास तेवढेच लोक सोळा आठवड्यांत गेले होते. इथे एक रात्र पुरली.

विमानाच्या शेपटीत बसणाऱ्या तोफचीची जागा इतकी चिंचोळी की लँकॅस्टरमध्ये त्याचं पॅराशूट बाहेर टांगलेलं असे. तापमान कधी कधी शून्याखाली चाळीस. वय? या माणसांचं सरासरी वय बावीस-तेवीस. सात जणांची वयं एकत्र केली तरी जेमतेम एकशे साठ भरायची.

त्यांत आपलाही एक माणूस होता. शैलेंद्र एकनाथ सुकठणकर, नॅव्हिगेटर, 83 क्रमांकाची स्क्वॉड्रन. अंधारात विमान कुठे आहे हे नकाशा, घड्याळ आणि गणितावर सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांना डीएफसी हे पदक मिळालं, आणि ते परतले. त्याच स्क्वॉड्रनमध्ये उडालेलं एक लँकॅस्टर आज लंडनच्या संग्रहालयात उभं आहे. त्याच्या नावावर 137 मोहिमा आहेत. वरचं व्याजाचं गणित पाहता त्या विमानाचं तिथे उभं असणं हाच एक चमत्कार.

जे परतले नाहीत, ते कुठे आहेत? जर्मनीत, डच सीमेजवळ, क्लेव्ह गावापाशी राइक्सवाल्ड नावाचं जंगल आहे. त्यात एक लष्करी दफनभूमी आहे, राष्ट्रकुलातल्या सैनिकांच्या 7,594 कबरींची. पुण्यात खडकीला अशीच दफनभूमी आहे, तिथे महायुद्धातल्या 1,668 कबरी आहेत. म्हणजे साडेचार खडकी! राइक्सवाल्डमधले जवळजवळ चार हजार विमानांतले. युद्ध संपल्यावर ड्युसेलडॉर्फ, क्रेफेल्ड, एसेन, डॉर्टमुंड अशा शहरांच्या परिसरातून ते इथे आणले गेले. प्रत्येक दगड 81 सेंटिमीटर उंच. एकावर एक रचले तर सहा किलोमीटरच्या वर जातील, साडेतीन कळसूबाई पालथी घालून. दगडावर घरच्यांना स्वतःचे शब्द कोरता येत. मर्यादा 66 अक्षरांची, मोकळ्या जागा धरून.

अशा दफनभूमीत दगडांमध्ये अंतर सोडलेलं असतं. पण काही ठिकाणी दगड एकमेकांना खेटून उभे दिसतात. कोण कुठला हे वेगळं करता आलं नाही, म्हणून तुकडी एकत्रच पुरली.

याच राइक्सवाल्डमध्ये 16 मे 1943 च्या रात्रीचे 27 जण आहेत. त्या रात्री 19 लँकॅस्टर जर्मनीतली धरणं फोडायला गेली, 8 परतली नाहीत, 133 पैकी 53 जण मेले. म्योनं धरण फुटलं आणि दोन खडकवासला भरतील एवढं पाणी दरीत सुटलं. पानशेत आठवणाऱ्या पुणेकराला पुढचं सांगावं लागणार नाही. त्या रात्री खाली तेराशेहून अधिक माणसं गेली. त्यांतले कितीतरी जण पूर्वेकडून पकडून आणलेले वेठबिगार होते, म्हणजे ज्यांच्या सुटकेसाठी युद्ध चाललं होतं तेच. एवढ्या मोठ्या आकड्यांमध्ये हा आकडा मला सगळ्यात जड वाटतो.

आता बेरीज. बॉम्बर कमांडचे उडणारे लोक सव्वा लाख. मेले 55,573. शंभरातले 44! युद्धाचे 2,074 दिवस धरले तर रोज सत्तावीस; रोज जवळजवळ चार लँकॅस्टर भरतील एवढे. एका स्लीपर डब्यात 72 बर्थ, गाडीला बावीस डबे. पस्तीस गाड्या, प्रत्येक बर्थवर एक जण. एकामागे एक उभ्या केल्या तर सीएसएमटीपासून घाटकोपरच्या उंबऱ्याशी येतील.

आणि आता त्यांची नावं वाचू. नाव, हुद्दा, वय, प्रत्येकी दहा सेकंद. आषाढी एकादशीला पहाटे सुरू करा. अधिक महिना नसलेलं वर्ष बघून. अखंड हरिनाम सप्ताहासारखे पहारे लावा, रात्रंदिवस, वाचणारे बदलत राहतील. सहा दिवस दहा तास लागतील. सप्ताह भरत आला की यादी संपेल.

मग तशीच दुसरी यादी घ्या: ब्रिटिश आणि अमेरिकी बॉम्बखाली मेलेल्या जर्मनीतल्या नागरिकांची. कमीतल्या अंदाजांपैकी एक साडेतीन लाखांचा. पुन्हा एकादशीपासून, पुन्हा दहा सेकंद. श्रावण लागेल, नागपंचमी जाईल, राखी बांधून होईल, चाळीस दिवसांनी गोकुळाष्टमीची तयारी चालू असताना यादी संपेल. जास्तीच्या अंदाजांपैकी एक सहा लाखांचा. तो धरला तर दहीहंडी फुटेल, गणपती येतील, गणपती जातील, वाचन चालूच. एकोणसत्तर दिवस! शेवटचं नाव वाचून होईल तेव्हा पितृपक्षातली षष्ठी असेल.