मुखपट्टी ऐच्छिक झाल्यानंतर

आमच्या मासिकाच्या वाचकांस अलीकडचे तीन गुढीपाडवे विशेष स्मरणांत राहिले असतील. पहिला सन २०२० चा, ता. २५ मार्चचा. त्याच्या आदल्या रात्रीं देशभर टाळेबंदी पुकारली गेली व पाडव्याच्या दिवशीं रस्त्यावर माणूस दिसेना. दुसरा सन २०२१ चा, ता. १३ एप्रिलचा. त्याच्या दुसऱ्याच दिवशीं रात्रीं महाराष्ट्रांत पुन्हां संचारबंदी सुरू झाली. तिसरा सन २०२२ चा, ता. २ एप्रिलचा. त्याच्या दोन दिवस आधीं, ता. ३१ मार्च रोजीं, राज्याच्या मंत्रिमंडळानें कोरोनाविषयक सारे निर्बंध उठविण्याचें ठरविलें, आणि मुखपट्टी लावणें ऐच्छिक झालें.

ऐच्छिक हा शब्द महसूल कचेरीच्या कारकुनींत आम्हीं पुष्कळ वेळां लिहिला आहे. कचेरीच्या भाषेंत त्याचा अर्थ इतकाच कीं, यापुढें या बाबतींत कोणी कोणास जाब विचारणार नाहीं. गांवांत मात्र त्याचा अर्थ निराळा झाला. नियम होता तोंवर मुखपट्टी लावणारा म्हणे, दंड होतो म्हणून लावतों. न लावणारा पोलीस दिसतांच उपरण्याचें टोंक नाकावर ओढी. दोघांच्याहि मनांत काय आहे तें उघड होण्याचें कारण नव्हतें. नियम उठला आणि तें उघड झालें. एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोघां भावांची मतें किती वेगळीं आहेत हें त्यांचें त्यांसच तेव्हां कळलें.

या गोष्टीस आतां कांहीं वर्षें लोटलीं. ता. ५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें, व त्याच वेळीं रोग मात्र गेलेला नाहीं हेंहि स्पष्ट केलें. वर्तमानपत्रांतून तो विषय गेला. परंतु दरसाल थंडी पडून घरोघर खोकला सुरू झाला कीं तोच वाद पुन्हां निघतो. कोणी वृद्ध गृहस्थ मुखपट्टी लावून लग्नास आले तर तरुण मंडळी हंसतात. कोणी अंगांत ताप घेऊन पंक्तीस बसला तर वृद्ध मंडळी मनांतल्या मनांत जळतात. आम्हांस यांत कोणाचाच पक्ष घ्यावयाचा नाहीं असें म्हणणें सोयीचें आहे, परंतु तें खरें होणार नाहीं. आमचें मत आम्ही पुढें सांगूंच. आधीं हे पक्ष कां पडले तें पाहूं.

आमचा भाग सांगली जिल्ह्यांतील, द्राक्षांचा. मार्च महिना म्हणजे बागेंत घड तयार असण्याचा काळ. सन २०२० सालीं ऐन तोडणींत टाळेबंदी आली आणि ठरलेला व्यापारी फिरकलाच नाहीं. कित्येकांनीं खाण्याचा माल बेदाण्याच्या शेडवर टाकला; पुढें तासगांवचे बेदाण्याचे सौदेहि बंद पडले. औषधांची उधारी, सोसायटीचें कर्ज, आणि डोळ्यांदेखत वेलीवर सुकणारा घड ! अशा बागायतदाराच्या मनावर रोगापेक्षां टाळेबंदीचाच घाव खोल बसला. निर्बंध उठले त्या दिवशीं त्यानें मुखपट्टी काढून गोठ्याच्या खुंटीला टांगली ती पुन्हां हातीं घेतली नाहीं. त्यास निष्काळजी म्हणणें सोपें आहे. त्याच्या वहीकडे पाहिलें म्हणजे तो शब्द तोंडांतून निघत नाहीं.

मजुराची गोष्ट आणखी वेगळी. त्या वसंतांत लाखाहून अधिक ऊसतोडणी कामगार साखर कारखान्यांच्या आसपास अडकून पडले, व एप्रिलच्या मध्यास त्यांस आपापल्या गांवीं जाण्याची परवानगी मिळाली. बागेंत विरळणीस येणाऱ्या बायांची टोळी एका टेंपोंत दाटीनें उभी राहून येते. त्यांस दोन हात अंतर राखा म्हणून सांगणें ही थट्टाच होती, व ती थट्टा दोन वर्षें भिंतीभिंतीवर रंगविलेली होती. निर्बंध लागले तेव्हां त्यांचा रोज बुडाला, आणि उठले तेव्हां टेंपो पूर्वीप्रमाणेंच भरून येऊं लागला. त्यांचें मत कोणी विचारलें नाहीं. विचारलें असतें तरी तें पाळण्याची ऐपत त्यांजपाशीं नव्हती.

आतां तिसऱ्या घराकडे वळूं. सन २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट खेड्यांपर्यंत पोंचली. प्राणवायूच्या टाकीसाठीं नातेवाईक रात्रभर एका गांवाहून दुसऱ्या गांवास फिरत. मार्च २०२२ अखेर राज्यांत नोंदलेले मृत्यु सुमारें १ लक्ष ४७ हजार होते. हा आंकडा तालुक्याच्या कोष्टकांत विरून जातो, परंतु घरांत विरत नाहीं. आमच्या शेजारच्या गांवची एक बाई आठवड्याच्या बाजारांत भाजी घेऊन बसते. तिचा नवरा त्या मे महिन्यांतच गेला. निर्बंध उठल्यावर दोन-अडीच महिन्यांनीं आम्ही तिच्यापाशीं मेथी घेत असतां एका तरुण गिऱ्हाइकानें तिला विचारलें, "मावशी, आतां कशाला तोंड बांधलंय ? कोरोना गेला की."

ती म्हणाली, "गेला असंल बाबा. घरांत सासू हाय माजी, साखर हाय तिला. तिला काय झालं तर मी एकटी काय करूं ?"

तो हंसला, जुडी पिशवींत टाकून निघून गेला. मुलगा वाईट नव्हता. त्याच्या घरीं सर्वांस तो ताप येऊन गेला होता, आणि चार दिवसांत सारीं उठून कामास लागलीं होतीं. जानेवारी २०२२ च्या लाटेंत पुष्कळांचा अनुभव असाच होता. ज्यास जसा रोग भेटला तसा तो रोग त्यास खरा वाटतो. दुसऱ्यास भेटलेला रोग ऐकीव राहतो.

राहतां राहिले, रोग मुळांत नव्हताच असें म्हणणारे. यांचा राग आम्हांसहि पूर्वीं येत असे. परंतु नोकरीच्या अखेरच्या काळांत आम्हीं कांहीं अर्ज पाहिले. ता. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कोरोनानें मृत्यु पावलेल्यांच्या वारसांस ५० हजार रुपये देण्याची योजना मंजूर केली. चांचणींत रोग निघाल्यापासून ३० दिवसांच्या आंत मृत्यु झाला असल्यास दाखल्यावर दुसरें कारण लिहिलेलें असलें तरी तो अर्ज ग्राह्य होई. ही सवलत आवश्यकच होती. कारण कित्येक दाखल्यांवर रोगाचें नांवच नव्हतें. अर्ज घेऊन येणाऱ्यांत, हा सारा रोग म्हणजे थोतांड असें चावडीवर बसून सांगणारे एक गृहस्थहि होते. बापाच्या चांचणीचा कागद त्यांनीं चार घड्या घालून खिशांत जपून ठेवला होता.

त्यांस हंसावें असें आम्हांस वाटलें नाहीं. सन २०२० सालीं ज्या घरांत रोगी निघे त्या घरासमोर बांबू आडवे बांधीत, त्या घरचें दूध कोणी घेत नसे, व विहिरीवर त्या घरच्या बाईस पाहून इतर बाया दूर सरत. घर सावरण्यासाठीं "आमच्याकडे तसलें कांहीं नाहीं" असें म्हणावें लागे. तेंच पुढें "तसलें कांहीं नसतेंच" असें झालें. नकारामागें पुष्कळदां भीति असते, आणि ती रोगाइतकीच शेजाऱ्यांची असते. हें आमच्या गांवांनीं विसरूं नये.

आतां आमचें मत. रोगासंगें राहणें म्हणजे काय हें शेतकऱ्यास शहरांतील विद्वानांनीं शिकविण्याची गरज नाहीं. द्राक्षबागायतदार पिढीजात तेंच करीत आला आहे. केवडा कधीं गेला असें तो म्हणत नाहीं. ऊन असेल तेव्हां तो निर्धास्त असतो. ढग आले, पानावर दंव सांचलें, कीं रात्रीं उठून फवारणी करतो. आणि शेजाऱ्याची छाटणी पंधरा दिवस मागेंपुढें असेल तर दोघांच्या फवारणीचा हिशेब निराळा असतो हें तो जाणतो. माझी बाग फुलोऱ्यांत आहे म्हणून मी अधिक फवारतों, यावर कोणी हंसत नाहीं. लाळ्या-खुरकुताची लस वर्षांतून दोनदां जनावरांस टोंचून घेतों, व तरीहि गोठ्यांत एखादें जनावर लाळ गाळूं लागलें तर त्यास निराळें बांधतों. लस टोंचली असतां निराळें कां बांधतां, असा प्रश्न आम्हीं कोणाच्या तोंडून ऐकला नाहीं.

याचा नमुना त्याच वर्षीं पाहावयास मिळाला. निर्बंध उठल्यावर चार-पांच महिन्यांत, सन २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत, लंपी चर्मरोग राज्यांत पसरला. गाई-बैलांच्या अंगावर गांठी उठूं लागल्या. जनावरांचे बाजार बंद झाले, ने-आण थांबली, शेळ्यांच्या देवीची लस गुरांस टोंचण्यांत आली. तेव्हां आमच्या गांवीं काय झालें ? मुखपट्टीस हंसणाऱ्या मंडळींनींच प्रथम गोठे धुतले, गोचीड-माश्यांचा बंदोबस्त केला, मच्छरदाण्या बांधल्या, आणि आजारी बैल मळ्याच्या टोंकास नेऊन बांधला. त्याची वैरण शेवटीं टाकावयाची, हात धुऊन मगच दुसऱ्यास शिवावयाचें, हें सर्व कोणी न सांगतां झालें. बैल लाखाचा असतो हें खरें. परंतु घरचा म्हातारा फुकटचा असतो असेंहि कोणी म्हणणार नाहीं. बैलाविषयीं जी दक्षता आम्ही लाज न बाळगतां घेतों, ती म्हाताऱ्याविषयीं घेतांना मात्र चारचौघांत भित्रे ठरूं असें आम्हांस कां वाटावें, हें कोडें आम्हांस उलगडलें नाहीं.

जुन्या मंडळींची रीतहि अशीच होती. सन १८९६ सालीं मुंबईस सुरू झालेली प्लेगची साथ पुढें वर्षानुवर्षें खेड्यांत येत राहिली. उंदीर पडूं लागले कीं लोक गांव सोडून रानांत झोंपड्या घालीत. साथ ओसरल्यावर परत येण्याची घाई कोणी करी, कोणी महिना-दीड महिना अधिक रानांत काढी, असें आम्हीं आजोबांच्या पिढीकडून ऐकलें आहे. मागें राहणाऱ्यांचे गोठे आधीं परतलेले लोक झाडून ठेवीत. सन १९१८ च्या मानमोडीच्या आठवणी मात्र आमच्या घरीं फारशा कोणी सांगत नसे. सांगण्यास माणसेंच थोडीं उरलीं होतीं. जातां जातां एवढें नमूद करणें आवश्यक आहे कीं, प्लेगसाठीं सन १८९७ सालीं केलेला साथरोगांचा कायदाच मार्च २०२० मध्यें आपल्या राज्यांत पुन्हां लागू करण्यांत आला.

आम्हांस सक्ती पुन्हां नको आहे. दंडाच्या पावत्या फाडून जें झालें तें आम्हीं जवळून पाहिलें. बाजारांतल्या बायांकडून दंड घेतला गेला आणि बंद दालनांतील सभा चालूच राहिल्या. परंतु सक्ती उठली म्हणजे व्यवस्था उठली असें नव्हे. सन २०२० व २०२१ सालीं पादुका एस. टी. गाडीनें पंढरीस गेल्या, ता. २० जून २०२२ रोजीं देहूहून व २१ जून रोजीं आळंदीहून पालख्या पुन्हां पायीं निघाल्या. आमच्या गांवच्या दिंडींतील दोघे वृद्ध वारकरी पाऊस नसेल त्या रात्रीं तंबूंत न निजतां बाहेर कडेला निजत. त्यांस कोणी हटकलें नाहीं, आणि त्यांनींहि तंबूंतल्यांस उपदेश केला नाहीं. सकाळीं सारे एका टाळावर चालत. आम्ही ज्या व्यवस्थेविषयीं बोलतों ती याहून मोठी नाहीं.

तरी एक बाब केवळ सौजन्यावर सोडून भागणार नाहीं. ती म्हणजे मजुरीची. तापलेल्या बाईस "आज घरीं जा" म्हणणें म्हणजे तिचा रोज कापणें. म्हणून ती ताप सांगत नाहीं, गोळी घेऊन टेंपोंत चढते. एकीचा ताप वीसजणींच्या टोळींत आठजणींस लागला तर विरळणी आठवडाभर रेंगाळते, व मण्यांची दाटी कांहीं आठवडाभर थांबत नाहीं. त्यापेक्षां पहिल्या दिवशीं तिला अर्धा रोज देऊन घरीं पाठविणें बागायतदारास स्वस्त पडतें. हा हिशेब आम्हीं चार बागायतदारांपुढें मांडला. दोघांनीं मान्य केला. एकानें, मग सगळ्याच आजारी पडतील, असें उत्तर दिलें. चौथे कांहीं बोलले नाहींत, परंतु त्यांनीं यंदां टोळीसाठीं दोन टेंपो केले. मुकादमांशीं उचल ठरवितांनाच ही अट लिहून घ्यावी असें आमचें म्हणणें आहे. तोंडी ठेवल्यास ती ऐन हंगामांत कोणास आठवणार नाहीं.

वृद्ध व मधुमेही माणसांनीं पुढील लसीविषयीं आपल्या डॉक्टरांस विचारावें. व्हॉट्सॲपवर विचारूं नये. हा रोग बंद खोलींतल्या हवेंतून अधिक फैलावतो, यास्तव थंडीच्या दिवसांतहि बैठकीच्या खोलीच्या दोन खिडक्या उघड्या असाव्या.

हा मजकूर लिहीत असतां आमच्या संघाच्या वार्षिक सभेची सूचना हातीं आली. सभा नेहमीप्रमाणें गोदामावरील दालनांत ठेविली आहे. त्यास एकच दार, व खिडक्यांपुढें खतांच्या पोत्यांची थप्पी आहे. गेल्या सभेस साठीच्या पुढचे कित्येक सभासद आले नाहींत, त्यामुळें सही-पुस्तकाचीं दोन पानें कोरीं राहिलीं. चिटणिसांस आमची विनंती आहे कीं, सभा सकाळीं नऊ वाजतां खालच्या पटांगणांत, लिंबाखालीं घ्यावी. बांकें उचलण्यास आम्ही आठ वाजतां येतों; आणखी दोघेतिघे आल्यास अर्ध्या तासांत काम उरकेल.