जळालेल्या संग्रहालयाची सफर

पोर्तुगालचा राजा सहावा जॉन याने १८१८ साली ब्राझीलमधील रिओ द जानेरो शहरात एक संग्रहालय स्थापन केले. तेच ब्राझीलचे राष्ट्रीय संग्रहालय. पुढे एका जुन्या राजवाड्यात हलवलेल्या या संग्रहालयात इजिप्तच्या ममी, प्राचीन प्राण्यांचे सांगाडे, आदिवासींचे मुखवटे, फुलपाखरे अशा सुमारे दोन कोटी वस्तूंचा संचय झाला. द्विशताब्दीच्याच वर्षी, २ सप्टेंबर २०१८ रोजी, प्रेक्षक परतल्यानंतर तेथे आग लागली. वातानुकूलन यंत्रातून ती सुरू झाली, असे तपासात आढळले. जवळच्या अग्निशामक नळांना पुरेसे पाणीही नव्हते. एका रात्रीत राजवाडा आतून जळून गेला. भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या.

तरीही आगीपूर्वीच्या त्या दालनांतून संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर फिरता येते. २०१६ पासून गूगल कंपनीच्या सहकार्याने संग्रहालयातील वस्तू महाजालावर आणण्याचे काम चालू होते. आगीनंतर, डिसेंबर २०१८ मध्ये, ही चित्रे आभासी सफरीच्या रूपाने सर्वांसाठी खुली झाली.

अशी सफर तयार करण्याची रीत समजण्यास कठीण नाही. अनेक भिंगे असलेला कॅमेरा चाकांच्या गाड्यावर बसवून दालनांतून फिरवतात. थोड्या थोड्या अंतरावर तो चहूबाजूंची छायाचित्रे टिपतो. संगणक ती कडेला कडा जुळवून शिवतो आणि त्यांचा एक पोकळ गोल तयार होतो. प्रेक्षक जणू या गोलाच्या मध्यभागी उभा असतो. म्हणून त्याला मान वळवल्याप्रमाणे छतही पाहता येते आणि मागचे दारही. पडद्यावरील बाणाला स्पर्श केला, की तो पुढच्या गोलात जातो. एखाद्या दारातून मात्र आत जाता येत नाही. कॅमेऱ्याचा गाडा तेथे गेलेलाच नसतो!

१ फेब्रुवारी २०११ रोजी गूगलने या पद्धतीने ९ देशांतील १७ संग्रहालये प्रथम खुली केली. प्रत्येक संग्रहालयातील एका चित्राचे सुमारे ७ अब्ज बिंदूंचे छायाचित्रही त्यांत होते. अशा छायाचित्रात कुंचल्याचा एकेक फटकारा आणि रंगाला गेलेली बारीक भेगही दिसते. प्रत्यक्ष संग्रहालयात इतक्या जवळ जाऊ लागलेल्या प्रेक्षकाला पहारेकरी हटकल्याशिवाय राहणार नाही. पुढच्याच वर्षी दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय या उपक्रमात सामील झाले. भारतीय संग्रहालयांतील वस्तूंच्या संगणकीय नोंदींसाठी पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने एक प्रणाली विकसित केली. तिचे नाव ‘जतन’.

पडदा मात्र आकाराच्या बाबतीत फसवतो. मोहेंजोदडो येथे १९२६ साली सापडलेली नर्तकीची धातुमूर्ती दिल्लीच्या संग्रहालयाचे भूषण आहे. पडद्यावर ती पुरुषभर उंच भासू शकते. प्रत्यक्षात तिची उंची जेमतेम साडेदहा सेंटीमीटर, म्हणजे वीतभरही नाही. त्यामुळे आभासी सफरीत वस्तूखालची मापे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रिओच्या सफरीची दुसरी एक मर्यादा अधिक बोचणारी आहे. संग्रहालयात मांडलेल्या वस्तू एकूण संग्रहाचा अगदी लहान भाग असतात; बाकीच्या कोठारांत व कपाटांत असतात. आगीनंतर शहरातील विद्यार्थ्यांनी आवाहन केले, की ज्यांनी पूर्वी हे संग्रहालय पाहिले असेल, त्यांनी आपली छायाचित्रे पाठवावीत. लोकांनी ती पाठवलीही. पण प्रेक्षकांनी टिपले होते ते मांडलेल्या वस्तूंचेच रूप. पाच टनांहून अधिक वजनाची बेंदेगो उल्का आगीतून बचावली. अकरा हजार वर्षांहून जुन्या ‘लुझिया’ या स्त्रीच्या कवटीचे बरेचसे तुकडे ढिगाऱ्यात सापडले. भाषाविभागात मात्र ब्राझीलमधील आदिवासी भाषांच्या नोंदी आणि ध्वनिफिती होत्या. त्यांतील काही भाषा बोलणारे आता कोणीच उरलेले नाही. त्या खोल्यांपर्यंत आग पोहोचली; कॅमेऱ्याचा गाडा पोहोचला नव्हता.