यवत परिसरातील लांडगा व कोल्हा : अधिवासविषयक टिपण

पुणे-सोलापूर मार्गावरील यवत हे गाव दोन भिन्न भूप्रदेशांच्या सीमेवर वसलेले आहे. उत्तरेस मुळा-मुठेच्या काठची बागायत, तर दक्षिणेस भुलेश्वराच्या डोंगरालगतचे कोरडे माळरान. या अल्प अंतरात श्वानकुलातील दोन वन्य प्राणी, लांडगा व कोल्हा, आढळतात. त्यांच्या अधिवासातील भेद उद्बोधक आहे.

बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणारा प्राणी म्हणून उत्तर अमेरिकेतील कायोटीचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथील लांडग्यांचा माणसाने संहार केल्यावर कायोटीचा विस्तार अधिकच झाला, व आज तो शिकागोसारख्या महानगरातही राहतो. यवतकडे ही भूमिका कोल्ह्याने स्वीकारली आहे. उंदीर, खेकडे, बोरे, मेलेली जनावरे, असे जे मिळेल ते तो खातो. कालव्यांच्या पाण्याने उसाचे क्षेत्र वाढले, तेव्हा त्या दाट पिकात त्यास बारमाही आडोसा लाभला.

लांडग्याची स्थिती निराळी आहे. दख्खनच्या या लांडग्याचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स याने १८३१ मध्ये केले. मोकळे माळ हेच त्याचे घर होय. चिंकारा, ससे व धनगरांची शेळ्यामेंढ्यांची खांडे यांवर त्याची उपजीविका चालते. हिवाळ्याच्या सुमारास मादी माळावरील बिळात पिलांना जन्म देते. लांडगाही माणसाजवळ राहतो, हे खरे. तथापि उसाच्या फडात त्याचा निभाव लागत नाही. एका कळपास अनेकदा शंभराहून अधिक चौरस किलोमीटर क्षेत्र लागते. बारामती तालुक्यातील सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य मात्र जेमतेम ५ चौरस किलोमीटरांचे आहे. अर्थात लांडग्याचे बहुतेक आयुष्य संरक्षित क्षेत्राबाहेरच, गायराने व पडीक जमिनी यांवर जाते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्यास संरक्षण दिले. परंतु ज्या माळावर तो जगतो, त्या माळास ते आपोआप लाभत नाही. सरकारी दप्तरात गवताळ जमीन बहुधा ‘पडीक’ म्हणून नोंदली जाते. मग तेथे वृक्षलागवड, खाणकाम वा कारखाने होतात. वस्तुतः कमी पावसाच्या या पट्ट्यात गवत हीच भूमीची स्वाभाविक संपत्ती आहे. तिच्यावरच मेंढपाळाचा संसारही उभा आहे. माळ तुटत गेल्याने लांडग्याची मोकाट कुत्र्यांशी गाठ वाढते. त्यातून रोग पसरतात, व पुणे परिसरात अशा संकराचे जनुकीय पुरावेही मिळाले आहेत.

सारांश, माणसाच्या सान्निध्यात राहणे व माणसाने केलेला प्रत्येक बदल सोसणे या भिन्न गोष्टी आहेत. कोल्ह्यास दोन्ही साधल्या, लांडग्यास पहिलीच. तेव्हा यवतच्या माळावर लांडगा टिकावा असे वाटत असेल, तर त्या माळास ‘पडीक’ म्हणणे प्रथम थांबविले पाहिजे.