मुंबईच्या धावपट्टीपेक्षाही छोटा हवाई मार्ग! २.७ किलोमीटरसाठी विमान कशाला?

विमानात बसलात, पट्टा बांधलात, खिडकीतून समुद्र दिसला की लगेच उतरायची वेळ! स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून अशी विमानसेवा सुरू आहे. हा जगातला सर्वांत छोटा नियमित हवाई मार्ग मानला जातो.

अंतर किती, वेळ किती?

दोन्ही विमानतळांमधलं हवाई अंतर सुमारे २.७ किलोमीटर. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीच जवळपास ३.४ किलोमीटर लांब आहे. वेळापत्रकात या प्रवासाला दोन मिनिटं दिलेली असतात. विक्रम मात्र ५३ सेकंदांचा आहे.

मग मुंबई-पुण्याला इतका वेळ का?

मुंबई-पुणे हवाई अंतर जेमतेम १२० किलोमीटर. ताशी ५०० किलोमीटर वेगानं ते पंधरा मिनिटांत कापता येईल. पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढणं, उतरण्यासाठी वळसा घेणं हे सगळं त्यात येतं. ऑर्कनीच्या या छोट्या विमानतळांवर रांग नसते आणि आठ प्रवाशांचं ‘आयलंडर’ विमान फार उंच जातही नाही.

वाऱ्याचा हिशेब

५३ सेकंदांत २.७ किलोमीटर म्हणजे ताशी सुमारे १८३ किलोमीटर वेग. समजा, विमानाचा हवेतला वेग ताशी १८० आहे आणि समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा आहे. मग जमिनीच्या हिशेबानं वेग १३० वर येतो आणि तेच अंतर कापायला ७५ सेकंद लागतात. शिवाय विमानं शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं उडतात आणि उतरतात. वारा उलटा असला की आधी दुसरीकडे उडून मग वळावं लागतं.

बोट नाही का?

आहे. दोन बेटांमधलं अंतर बोट सुमारे २५ मिनिटांत पार करते. पण खरा प्रश्न या दोन बेटांपुरता नाही. हे विमान कर्कवॉल या ऑर्कनीतल्या मुख्य गावाहून येतं आणि तिथंच परततं. दोन मिनिटांचं उड्डाण हा त्या फेरीतला एक टप्पा आहे.

पापा वेस्ट्रेवर शंभराहूनही कमी लोक राहतात. मोठं रुग्णालय कर्कवॉलला आहे. तिथं जायला बोटीनं दीड तासाहून जास्त वेळ लागतो, विमानानं १५ ते २० मिनिटं. डॉक्टर आणि शिक्षकही याच विमानानं ये-जा करतात. धुकं किंवा वादळ आलं की उड्डाण रद्द होतं आणि त्या दिवसाची सगळी कामं अडतात.

खर्च कोण करतं?

एवढ्या कमी प्रवाशांवर अशी सेवा नफ्यात चालत नाही. त्यामुळे तिला सरकारी निधीचा आधार आहे. भारतात २०१७ मध्ये पहिलं उड्डाण झालेल्या ‘उडान’ योजनेतही विमान कंपन्यांची तूट भरून काढण्यासाठी निधी दिला जातो.

म्हणूनच दुर्गम भागातल्या विमानसेवेची जाहिरात पाहताना फक्त ‘किती मिनिटांत पोहोचणार’ एवढंच बघून भागत नाही. आठवड्यात किती फेऱ्या आहेत, भाडं परवडतं का, उड्डाण रद्द झालं तर दुसरी सोय काय आणि रुग्ण त्याच दिवशी घरी परतू शकतो का, हेही विचारायला हवं.